मोडलेला पुर्जा फेकू नका

आज मी आपल्याशी कवितेबद्दल बोलणार नाही. विषय आहे शिवणाच्या जुन्या मशीनचा, आणि त्यातही त्याच्या हरवलेल्या, मोडलेल्या सुट्या भागांचा. कवीला हे कुठून सुचलं असं कुणाला वाटेल. पण मी ज्या घरात वाढलो तिथं पुस्तकं उशिरा आली, मशीन आधीपासून होतं. शिवणकाम हा आमच्याकडे छंद नव्हता. त्यावर चूल पेटायची.

भंगारवाल्याच्या गाड्यावर पत्र्याच्या डब्यांशेजारी आडवं पडलेलं काळं मशीन आपण कधी ना कधी पाहिलं असेल. सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली, खालचा लाकडी पाट नाहीसा झालेला. मला सवय आहे, मी थांबून त्याचं चाक फिरवून बघतो. बहुतेक वेळा चाक फिरतं, सुईची दांडी खालीवर होते. म्हणजे मशीन मेलेलं नसतं. त्याची बॉबिनवरची सरकती पट्टी हरवलेली असते, नाहीतर टेन्शनची बारीक स्प्रिंग तुटलेली असते, हाताची मूठ फुटलेली असते. दुकानदार म्हणतो, "याचा पार्ट आता येत नाही." मग दहा-बारा किलोचं यंत्र वजनावर विकलं जातं. त्याबरोबर एखाद्या बाईची दुपारची कमाईही जाते.

मला सांगायचं आहे ते असं की, यातले बरेच भाग घरी करता येतात. काही मात्र घरी करण्याच्या फंदात मुळीच पडू नये. कुठला भाग कोणत्या बाजूला पडतो हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. टाका कसा पडतो एवढं नीट समजलं की पुरे.

त्याआधी मशीनची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेत इलायस हाव यानं १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मशीनं हिंदुस्थानात येऊ लागली. आपल्याकडे दिसणारी जुनी सिंगर मशीनं बरीचशी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' मशीन आणलं, आणि पुढं लुधियानात मशीनं व सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले.

आपल्या घरातलं मशीन कोणत्या घराण्याचं आहे ते बॉबिनवरून कळतं. बॉबिन गोल असून ती डबीसारख्या केसमध्ये बसून बाजूनं आत जात असेल, तर ते बहुधा सिंगरच्या १५ नंबरच्या जातीचं. या जातीची नक्कल जपाननं केली, आपण केली, चीननं केली. त्यामुळे तिचे भाग आजही नवे मिळतात. दुसरं घराणं लांब शटलचं. त्यात होडीसारखं, बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शटल असतं आणि आत काडीसारखी लांब बॉबिन. ते शटल झोके घेत पुढंमागं जातं. सिंगरचं २८ नंबरचं हातमशीन या घराण्यातलं. त्याचे भाग शोधताना खरी दमछाक होते.

आता टाका. हातानं शिवताना सुईचं नेढं मागं असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते. अगदी तळ गाठून ती दोनेक मिलिमीटर वर उचलली जाते तेव्हा दोरा तिच्याइतक्या चटकन वर येत नाही, मागं रेंगाळतो आणि सुईच्या पाठीशी त्याचा एक लहानसा फास फुगतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फासात शिरतं, फास मोठा करतं आणि बॉबिनवरून फिरवून सोडून देतं. मग वरची दांडी तो दोरा ओढून घेते आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. हा सगळा कारभार डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. शटलचं टोक आणि सुई यांच्यात त्या वेळी अंतर असतं ते केसाच्या जाडीइतकं.

घरी काय करावं आणि काय करू नये याचं उत्तर इथंच आहे. फास पकडणारा आणि फास ज्याच्या अंगावरून घसरतो तो भाग, म्हणजे शटल, त्याचा हूक, बॉबिनची केस, यांना हात लावू नये. त्यांचं पोलाद कडक असतं, अंग आरशासारखं असतं आणि माप केसात मोजायचं असतं. ते विकतच घ्यावेत, किंवा दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढून घ्यावेत. सुईचं तर बोलायलाच नको. दोरा नुसता अंगावरून जातो असे भाग, म्हणजे स्प्रिंग, दोऱ्याच्या कड्या, रिळाची दांडी, हे घरी जमतात, मात्र त्यांना गुळगुळीत करायला वेळ द्यावा लागतो. आणि ज्यांचा दोऱ्याशी संबंधच नाही ते भाग, पाट, मूठ, पट्टा, सरकती पट्टी, हे ज्याला कानस धरता येते त्या कुणालाही जमावेत.

टेन्शनच्या चकत्यांपाशी एक बारीक तारेची स्प्रिंग असते. दर टाक्याला ती उडी मारताना दिसते. चेक स्प्रिंग म्हणतात तिला. सुई खाली जाताना वरचा दोरा सैल पडतो, तो सैल दोरा सुईचं टोक कापडाला लागेपर्यंत धरून ठेवणं हे तिचं काम. ती तुटली की सैल दोरा सुईखाली सापडतो, टाके सुटतात, दोरा तुटतो. शिवणारी बाई सुई बदलते, दोरा बदलते, बॉबिनला दोष देते. स्प्रिंगकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आमच्या घरी एका जूनमध्ये हेच झालं. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिलेला, गल्लीतल्या पोरांच्या गणवेशाचं कापड ढिगानं येऊन पडलेलं, काहींचे आगाऊ पैसे खर्चूनही झालेले. अम्मी दोन रात्री हातशिलाईवर बसली. तिसऱ्या दिवशी शेजारचे मिस्त्रीचाचा आले. त्यांनी तुटलेली स्प्रिंग हातात घेतली आणि मला म्हणाले, "पुर्जा फेकू नको बेटा, वोच उसका नाप है."

आम्ही मिरजेचे. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात ते सगळं छापून आलं. मिस्त्रीचाचा त्यातल्याच एका कारखान्यात गेले आणि पोलादी तारांच्या गुंडाळ्यांमधून जुन्या स्प्रिंगच्या जाडीशी जुळणारी वीतभर तार घेऊन आले. सतारीची नेहमीची बाजाची तार या कामाला बारीक पडते, हे तेव्हाच कळलं. वाद्याची तारच का, तर ती थंड ओढून ओढून तयार केलेली असते, ताण तिच्या अंगात मुरलेला असतो. वाकवून गुंडाळली तरी तिची उसळी जात नाही. बांधकामावरची बाइंडिंग वायर दिसायला तशीच, पण ती भाजून मऊ केलेली. तिची स्प्रिंग केली तर पहिल्याच दाबाला तशीच वाकून राहील.

करायची रीत अशी. स्प्रिंगच्या आतल्या पोकळीपेक्षा थोडा बारीक खिळा घ्यायचा, कारण गुंडाळून सोडली की स्प्रिंग जराशी उलगडून मोठी होते. खिळ्याच्या टोकाला करवतीच्या पात्यानं चीर पाडायची, तारेचं टोक त्यात अडकवायचं आणि ताण न सोडता वेढे घ्यायचे. वेढे जुन्या स्प्रिंगच्याच दिशेनं हवेत आणि तितकेच हवेत. उलट्या दिशेनं गुंडाळलेली स्प्रिंग बसते, पण काम करत नाही. मग बाहेरचा हात आणि दोरा अडकवायचा आकडा बारीक चिमट्यानं वळवायचा. आकड्याची कड अगदी बारीक पॉलिश पेपरनं घासायची, कारण दोरा दर टाक्याला तिथून घसरणार आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच. ही तार सुटली तर सापासारखी उसळते. हल्ली वाद्याच्या दुकानात गिटारच्या साध्या पोलादी तारा जाडी छापलेल्या पाकिटात मिळतात. जुन्या स्प्रिंगची जाडी मायक्रोमीटरनं मोजून नेली की काम भागतं.

मिस्त्रीचाचांची स्प्रिंग तिसऱ्या प्रयत्नात जमली. आधीच्या दोन त्यांनी खिशात टाकल्या, फेकल्या नाहीत. गणवेश वेळेवर गेले.

घरगुती कामातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे चामड्याचा. पायमशीनचा पट्टा गोल चामड्याचा असतो, साधारण सहा फूट घेऊन कापून बसवायचा आणि तारेच्या आकड्यानं जोडायचा. नवा पट्टा काही दिवसांत ताणतो, तेव्हा बोटाच्या रुंदीएवढा तुकडा कापून पुन्हा जोडावा. एकदाच खूप घट्ट केला तर पाय दुखतात आणि चाकाचं बूडही झिजतं. हातमशीनच्या दांड्याला एक बोट असतं, ते चाकाच्या आऱ्यांमध्ये शिरून चाक फिरवतं. त्या बोटाला मुळात चामड्याचं अस्तर असतं. ते झिजलं की मशीन खडखड वाजतं आणि लोकांना वाटतं, गिअर गेले. कोल्हापुरी चपलेच्या तळाचा तुकडा इथं नामी बसतो. ते चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, ताठ, आकार धरून ठेवणारं. बाजारातलं मऊ क्रोमचं चामडं लवकर चेपतं.

रिळाखाली आणि काही मशीनमध्ये शटलपाशी लोकरीची लहान चकती असते. शटलपाशची चकती तेल धरून ठेवते. यासाठी आमच्याकडे घोंगडीचा तुकडा कापतात. लोकर तेल पिते आणि हळूहळू सोडते. नायलॉनचा फेल्ट तेल तसं धरत नाही. बॉबिन भरायच्या चाकाचं रबरी कडं चिरलं असेल तर नळाच्या सामानाच्या दुकानात काळं ओ-रिंग मापानं मिळतं. नायट्राइल रबराचं मागून घ्यावं. साधं रबर मशीनच्या तेलानं फुगतं आणि मग लिबलिबीत होतं. हाताची मूठ फुटली असेल तर खरादी लाकडाची करून देईल. ते नसेल तर जुन्या लाटण्याची मूठ कापून मधोमध भोक पाडा. माझ्या ओळखीच्या एका खालांच्या मशीनला गेली कित्येक वर्षं लाटण्याचीच मूठ आहे.

तेलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अर्धी मशीनं खोबरेल तेलानं अडतात. थंडीच्या सकाळी चाक हलत नाही, दुपारी हलतं, असं असेल तर खुशाल समजा की कुणीतरी खोबरेल घातलंय. ते चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. गोडेतेल तर वाळून वार्निशासारखं चिकटतं. नवा भाग करायला बसण्याआधी जुनं तेल केरोसिननं धुऊन काढा, दातांखालचा कापूस-धूळ टोकरून काढा, नवी सुई लावा. पुष्कळदा त्यानंच काम होतं आणि भाग करायची गरज उरत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती दिसते सगळ्यात सोपी. स्क्रू. मशीनचा स्क्रू हरवला की आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्याच्यासारखा दिसणारा आणतो. तो बसत नाही. का बसत नाही? सिंगरनं आपल्या स्क्रूंचे आटे स्वतःच्या हिशेबानं ठरवले आणि साऱ्या जगानं मशीनच्या बाबतीत ते उचलले. या मशीनमध्ये वारंवार भेटणारे दोन स्क्रू आहेत. एकाची जाडी इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले नऊ, म्हणजे ३.५७ मिलिमीटर. दुसऱ्याची चौसष्टातले अकरा, म्हणजे ४.३७ मिलिमीटर. दोघांनाही इंचाला चाळीस आटे. आपला बाजारातला चार मिलिमीटरचा स्क्रू या दोघांच्या बरोबर मध्ये पडतो आणि त्याचे आटेही वेगळ्या अंतराचे असतात. मोठ्या भोकात तो लटपटतो. लहान भोकात पान्यानं जबरदस्ती केली की आतले आटे कापत जातो. मशीनचं अंग बिडाचं, ओतीव लोखंडाचं. बीड ठिसूळ. एकदा भोक गेलं की मोठं करून त्यात पितळी बुश बसवण्याशिवाय इलाज नाही, आणि ते घरचं काम नव्हे.

म्हणून स्क्रूच्या बाबतीत माझं मत कडक आहे. घरी करू नका, शोधा. शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात लुधियानाचे स्क्रू मिळतात. नेताना एक खूण लक्षात ठेवा: जुन्या स्क्रूच्या आट्यांवर पट्टी ठेवून पाव इंचात दहा आटे मोजले गेले तर तो आपला. घरी करता येण्यासारखं इतकंच आहे की, डोक्याची चीर झिजली असेल तर करवतीच्या पात्यानं ती खोल करावी, आणि अंगठ्यानं फिरवायच्या स्क्रूचं डोकं तुटलं असेल तर आट्यांचा मूळ तुकडा ठेवून त्याला पितळेचं नवं डोकं डाग देऊन जोडून घ्यावं.

स्क्रूसाठी नाही म्हटलं, आता सरकत्या पट्टीसाठी मात्र जरूर म्हणतो, कारण सगळ्यात जास्त हरवणारा भाग तोच आणि करायला सगळ्यात समाधानाचाही तोच. शटलवर सरकून बसणारी ही चपटी पट्टी. ती नसेल तर कापड खड्ड्यात अडकतं, बाईचं बोट अडकतं, आणि कचरा थेट शटलमध्ये जातो. आधी लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. तो खाचेवर ठेवून वरून पेन्सिलीचं शिसं आडवं घासा, कडा उमटतात. कापा, बसवून बघा, पुन्हा कापा. कागदाचा नमुना हातानं न दाबता सरकायला लागला की मगच पत्र्याला हात लावा. खाचेची खोली मोजून तेवढ्याच जाडीचा, किंवा किंचित कमी जाडीचा, पोलादी पत्रा घ्यावा. वर उठलेली पट्टी कापडाला अडवते, जराशी खाली बसलेली चालते. पत्रा आखणीपेक्षा थोडा मोठा कापायचा आणि मग कानशीनं आखणीपर्यंत यायचं. दहा वेळा बसवून बघावी लागते. घाई करणाऱ्याची पट्टी सैल होते आणि सैल झालेली पट्टी कानशीनं घट्ट करता येत नाही.

पट्टी जागेवर राहावी म्हणून तिच्या पोटाला एक चपटी स्प्रिंग रिव्हेटनं जोडलेली असते. जुन्या घड्याळाची कमान किंवा मोडलेल्या मोजटेपची पोलादी फीत यासाठी चालते. रिव्हेटचं डोकं वरून कानशीनं अगदी सपाट करायचं. शेवटची परीक्षा कापसाच्या बोळ्यानं घ्यावी. बोळा सगळ्या कडांवरून फिरवा. जिथं तंतू अडकेल तिथं अजून घासायचं आहे. बोटाला जे जाणवत नाही ते कापसाला जाणवतं आणि रेशमी ओढणीला तर नक्कीच जाणवणार असतं.

काही भाग नुसते आकाराला येऊन भागत नाही, त्यांना पाणी द्यावं लागतं. बॉबिन भरायच्या दांड्याचा लहान खटका, एखादी कळ, हे झिजणारे भाग. पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून विझवणं, हे आपल्याकडे शिकलगार-लोहारांना नवं नाही. पण साध्या पत्र्याला पाणी चढत नाही, कारण त्यात कार्बन कमी असतो. जुनी कानस भाजून मऊ करून घेतली तर तिच्यापासून केलेल्या तुकड्याला चढतं. तापवताना लोहचुंबक जवळ धरा. तुकडा चुंबकाला ओढला जायचा थांबला की उष्णता पोहोचली, तिथून थोडं पुढं नेऊन विझवा. आता तो काचेसारखा कडक आणि काचेसारखाच ठिसूळ असतो. मग घासून चकाकता करून पुन्हा हळूहळू तापवायचा. पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की थांबावं, तेव्हा उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते आणि तुकडा झिजेला टिकतो. निळा रंग तीनशेच्या सुमाराला येतो, तो लवचीक भागांसाठी. रंग एकामागून एक भराभर धावतात. तेवढा वेळ फोन घेऊ नये.

लांब शटलच्या मशीनची बॉबिन म्हणजे पोलादी काडी आणि तिच्या दोन टोकांना दोन बारीक चकत्या. ही घरी करणारे लोक मी पाहिले आहेत. काडीला विणायची सुई, चकत्यांना पितळी पत्रा. चकत्या एकमेकींना समांतर आणि अगदी मध्यावर बसल्या पाहिजेत. चकती तिरकी बसली तर दोरा भरताना एका बाजूला चढतो आणि शिवताना धक्के देत सुटतो. दोन-चार बिघडतात, मग एक जमते.

घरी घासून बसवलेला भाग म्हणजे तडजोड, असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. खुद्द सिंगरच्या कारखान्यात १८८०च्या दशकापर्यंत कारागीर कानस घेऊन बसत आणि एकेक भाग त्या त्या मशीनला घासून जुळवत. एका मशीनचा भाग दुसऱ्याला बिनघासता बसावा ही गोष्ट पुढं साधली. म्हणजे कानशीनं जुळवणं हा या यंत्राचा जन्मापासूनचा संस्कार आहे. यंत्रांबद्दल एरवी कठोर असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या संवादात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मोकळं सोडलं होतं. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून ते केलं अशी त्यांची समजूत होती. इतिहास तसं सांगत नाही. सिंगर नाटकात रमलेला, संसार उधळणारा माणूस होता. पण अपवाद योग्यच होता. शिंप्यांच्या घरात नामदेव महाराजांचं नाव घेतात, दर्जी लोक हजरत इद्रीस यांना आपला पहिला उस्ताद मानतात. सुईचा मान आपल्याकडे जुना आहे.

या मानाची दुसरी, विचित्र बाजूही आहे. २००९ साली सौदी अरबस्तानात अफवा पसरली की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत 'लाल पारा' असतो. मशीनं हजारो रियालना विकली गेली. लाल पारा असं काही नसतं आणि सुई असते पोलादाची. कुणी तशा भावानं जुनं मशीन मागायला आलं तर सरळ दार लावून घ्या.

अलीकडे थ्रीडी प्रिंटर आले. शहरातल्या पोरांच्या टेबलावर ते असतात. त्यावर रिळाची टोपी, बॉबिन भरायचं चाक, पेटीची कडी हे सुरेख होतं. १९६०च्या दशकानंतर सिंगरनं काही मशीनांत नायलॉनचे गिअर घातले. ते वयानं तडकतात, आणि तशी मशीनं जिवंत करायला प्रिंटर कामी येतो, पण नायलॉनचा धागा वापरला तरच. नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या मशीनमध्ये त्याचा भरवसा धरू नये. मला याहून आवडलेला उपयोग वेगळा आहे. प्रिंटरवर केलेला नमुना ओताऱ्याकडे न्यायचा, त्यानं तो वाळूत दाबून पितळेत ओतायचा. पितळ थंड होताना शंभराला दीडच्या आसपास आकसतं, तेवढा नमुना मोठा करून घ्यायचा आणि उरलेलं माप कानशीनं काढायचं. नव्या पोराचा संगणक आणि जुन्या ओताऱ्याची वाळू एका कामात येतात, हे बघायला मजा येते.

नवा भाग बसवला की लगेच शिवायला बसू नये. आधी दोरा न ओवता, फूट वर उचलून, चाक हातानं हळू फिरवा. पूर्ण दहा फेऱ्या. एखाद्या ठिकाणी किंचित जरी अडलं तर जोर न लावता तिथंच थांबून बघा, काय कशाला लागतंय. मग तेलाचा एकेक थेंब. मग मांजरपाटाचा दुहेरी तुकडा घ्या, वर लाल दोरा, बॉबिनला पांढरा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन घट्ट आहे. खालच्या बाजूला लाल दिसले तर सैल. स्क्रू पाव फेरीहून जास्त फिरवू नका. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसायला लागला की तो तुकडा कापून, जुन्या मोडलेल्या भागासकट, मशीनच्या खणात ठेवून द्या. पुढच्या वेळी नमुना तयार असेल.